कापलेला एक गुण

५ ऑगस्ट २०१७, शनिवार. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दहा फेऱ्या संपल्या आणि तीन पंचांची कार्डं वाचून दाखवली गेली : ९६-९३, ९५-९४, ९५-९४. भारताचा विजेंदर सिंग जिंकला, चीनचा झुल्पिकार मैमैतियाली हरला. दुसऱ्या दिवशी पेपरांनी विजयाचा मथळा केला, भारत-चीनमधल्या डोकलामच्या तणावाचा संदर्भ जोडला, आणि ते तीन आकडे बातमीच्या तळाशी पडून राहिले. मला त्या लढतीत पुन्हा पुन्हा वाचावंसं जे वाटतं, ते हे आकडेच.

त्यांची बेरीज करून बघावी. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला सहसा ९ गुण मिळतात. एका फेरीचे १९, दहा फेऱ्यांचे १९०. पण ९६ आणि ९३ मिळून होतात १८९. ९५ आणि ९४ मिळूनही १८९. तिन्ही कार्डांवर एकेक गुण कमी भरतो. हा गुण कमरेखाली ठोसे मारल्याबद्दल रेफरीनं झुल्पिकारच्या खात्यातून कापला होता. तो परत त्याच्या पदरात घातला, तर कार्डं होतात ९६-९४, ९५-९५, ९५-९५. म्हणजे लढत बरोबरीत, आणि दोघं आपापला पट्टा घेऊन घरी.

विजेंदरची सगळी व्यावसायिक कारकीर्द या एका गुणाशी येऊन थांबते, असं माझं मत आहे. तिच्यातलं देखणेपण आणि तिची मर्यादा, दोन्ही तिथेच दिसतात.

आमच्या मावळात हे असं बोलून दाखवणं जरा जोखमीचं. सोमाटणे, तळेगाव, पवनेच्या काठची गावं. चैत्र लागला की इथे जत्रांचे फड सुरू होतात. पोराठोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात, मग इनाम चढत चढत शेवटची मोठी जोड. हलगी कडाडत असते. या प्रेक्षकाला कुस्ती निकाली लागते. पाठ मातीला टेकली पाहिजे. जोड गुणांवर सोडवली की कडेला बसलेली माणसं धोतर झटकत उठतात. वरळीची ती लढत सोमाटणे फाट्यावरच्या एका हॉटेलात टीव्हीवर लागली होती. निकाल झाल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्या वस्तादांनी चहा संपवता संपवता एवढंच विचारलं, ‘‘मग पाडलं कुणी?’’ कुणीच नाही, असं पोरांनी सांगितलं. ‘‘मग कसला जिंकला,’’ म्हणून ते उठले.

वस्तादांचा प्रश्न भाबडा नव्हता. कुस्तीत आणि बॉक्सिंगमध्ये हौशी आणि पैशाचा खेळ यांची वाटणी एकाच जागी होते. मॅटवरची कुस्ती गुणांची, पदकाची, नोकरीची; मातीतली इनामाची आणि चितपटाची. बॉक्सिंगमध्ये ऑलिम्पिकचा खेळ गुणांचा, व्यावसायिक खेळ समोरच्याला खाली बसवण्याचा. फरक आहे तो प्रवासाच्या दिशेत. आपला पोरगा इनामाच्या मातीत वाढतो आणि पदकासाठी मॅटवर जातो. खाशाबा जाधव १९५२मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला गेले ते तसेच. बॉक्सर मात्र गुण मोजत मोठा होतो, आणि मग वयाच्या एका टप्प्यावर त्याला सांगितलं जातं, की आता मोजणं विसर, पाडायला शीक. विजेंदरला हे एकोणतिसाव्या वर्षी सांगितलं गेलं.

त्याआधीचं आयुष्य आपल्या ओळखीचंच आहे. हरियाणात भिवानीजवळचं कालुवास गाव. वडील महिपाल सिंग हरियाणा रोडवेजमध्ये, म्हणजे तिकडच्या एसटीत, ड्रायव्हर. थोरला भाऊ मनोज आधी बॉक्सिंगमध्ये गेला आणि त्या जोरावर लष्करात लागला. धाकटा त्याच्या मागोमाग भिवानी बॉक्सिंग क्लबात जगदीश सिंगांच्या हाताखाली आला. खेळ म्हणजे नोकरीचा दरवाजा, हे गणित मावळात पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. विजेंदरच्या बाबतीत तो दरवाजा चांगलाच उघडला : हरियाणा पोलिसांत थेट डीएसपी. व्यावसायिक होणं म्हणजे त्या खुर्चीशीही भांडण उकरून काढणं होतं.

पण वाचायचा तो त्याचा खेळ. त्याची सुरुवात बीजिंगपासून करावी लागते.

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मिडलवेटच्या, म्हणजे ७५ किलोच्या गटात तो उतरला तेव्हा बावीस वर्षांचा होता. तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असत. डोक्यावर हेडगार्ड, अंगात बनियन. पाच पंच, प्रत्येकापुढे लाल-निळी बटणं. ठोसा लागला की बटण दाबायचं. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. या यंत्रानं खेळाला एक विचित्र वळण लावलं. समोरच्याचे गुडघे लटपटवणारा ठोसा आणि नुसता स्वच्छ लागलेला जॅब, दोघांची किंमत सारखी : एक. बरगडीखाली मारलेला, पुढच्या दोन फेऱ्यांचा श्वास खाणारा ठोसा बहुतेक वेळा मोजलाच जायचा नाही, कारण तो तीन पंचांना एकाच क्षणी दिसायचा नाही. म्हणून ठोसा लागणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो लागलेला दिसणं महत्त्वाचं झालं.

या व्याकरणासाठी विजेंदर जन्मालाच आला होता. सहा फूट उंची, लांब हात. उभा राहायचा ताठ, डावा हात पुढे लांबवून अंतर चाचपत, उजवा हनुवटीशी. हल्ला त्याचा पहिला कधीच नसे. समोरचा येई, विजेंदर कमरेतून धड मागे घेई, ठोसा त्याच्या नाकापुढून निघून जाई, आणि तो परत फिरायच्या आत विजेंदरचा सरळ उजवा हात पोचलेला असे. मागे झुकणं आणि पुढे येणं यांच्यामध्ये एक अगदी छोटा विराम आहे. पाय जमिनीवर टेकलेले, धड मागे, डोळे समोरच्याच्या खांद्यावर. बीजिंगच्या लढती संथ करून पाहिल्या की तो विराम दिसतो. त्याच्या बॉक्सिंगचा खरा रस मला तिथे लागतो. त्या क्षणात घाई नाही आणि राग नाही. स्वच्छ मोकळा ठोसा, सगळ्या पंचांना दिसेल असा.

पहिल्या लढतीत त्यानं गाम्बियाच्या बादू जॅकला १३-२ असं हरवलं. पुढे थायलंडच्या आंगखानला १३-३. २० ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४, आणि पदक पक्कं झालं. भारताचं बॉक्सिंगमधलं हे पहिलं ऑलिम्पिक पदक. त्याच दिवशी सुशील कुमारनं कुस्तीत कांस्य जिंकलं होतं, त्यामुळे मराठी घरांत त्या रात्री विजेंदरपेक्षा खाशाबांचंच नाव जास्त निघालं, आणि ते योग्यच होतं. उपांत्य फेरीत क्युबाच्या एमिलिओ कोरेयानं त्याला ८-५ असं रोखलं. कोरेयाचे वडील १९७२च्या म्युनिकमधले सुवर्णविजेते. पण तो कोरेयाही अंतिम फेरीत ब्रिटनच्या जेम्स डीगेलकडून हरला.

ही नावं लक्षात ठेवावीत, कारण विजेंदरच्या पुढच्या आयुष्याचं मोजमाप त्यांच्याच फुटपट्टीनं होतं. डीगेल आणि बादू जॅक दोघंही २००९मध्ये व्यावसायिक झाले. एप्रिल २०१५मध्ये जॅक जगज्जेता झाला. विजेंदरनं १३-२ असा धुतलेला तोच जॅक. मे २०१५मध्ये डीगेल जगज्जेता झाला. जून २०१५मध्ये विजेंदरनं व्यावसायिक करारावर सही केली. तिघांचाही वजनगट आता एकच, सुपर मिडलवेट. जिथे ते दोघं पोचले होते, तिकडे हा नुकता निघत होता.

मधली सहा-सात वर्षं वाया गेली असं म्हणायला मी तयार नाही. त्या वर्षांत त्यानं हौशी खेळाची दोन्ही टोकं पाहिली. २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, स्वतःच्या प्रेक्षकांपुढे, उपांत्य फेरीत इंग्लंडच्या अँथनी ओगोगोविरुद्ध त्याला दोनदा ताकीद मिळाली, ताकिदीपोटी गुण समोरच्याच्या खात्यात गेले, आणि निकाल लागला ३-४. दंडाच्या गुणांनी हरलेली लढत. दीडेक महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यानं उझबेकिस्तानच्या अब्बोस अतोयेवला अंतिम फेरीत ७-० असं हरवलं. अतोयेवनंच आदल्या वर्षी मिलानच्या जागतिक स्पर्धेत त्याची वाट अडवली होती, आणि पुढे लंडन ऑलिम्पिकमध्येही तोच अडवणार होता. पण ग्वांगझूच्या त्या संध्याकाळी अतोयेवला एकही गुण मिळाला नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये विजेंदरनं लिहिलेलं सर्वांत निर्दोष पान मला हेच वाटतं. बीजिंगचं पदक मोठं असेल, पण खेळ ग्वांगझूचा.

मग मँचेस्टर. प्रशिक्षक ली बिअर्ड, प्रवर्तक फ्रँक वॉरनची क्वीन्सबेरी कंपनी. याआधी, नव्वदच्या दशकात, धर्मेंद्र यादव, राजकुमार संगवान, देवराजन असे आपले काही बॉक्सर व्यावसायिक झाले होते, पण ऑलिम्पिक पदकविजेता कोणी गेला नव्हता. या निर्णयाची एक किंमत लगेच चुकवावी लागली. तेव्हाच्या नियमानं व्यावसायिकाला ऑलिम्पिकचं दार बंद होतं, म्हणजे रिओ गेलं. आणि १ जून २०१६ला आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेनं व्यावसायिकांनाही ऑलिम्पिकची परवानगी देऊन टाकली. वर्षभर थांबला असता तर, असं म्हणायचा मोह होतो. पण तिशीतल्या बॉक्सरला वर्ष थांबायला सांगणं सोपं नसतं.

१० ऑक्टोबर २०१५ला त्यानं सॉनी व्हाइटिंगला तिसऱ्या फेरीत थांबवलं. पुढे डब्लिन, लिव्हरपूल, लंडन, बोल्टन. पहिल्या सहा लढतींत मिळून जेमतेम सतरा फेऱ्या, सगळे विजय मुदतीआधी. या सहा लढतींवर मी फार वेळ घालवत नाही. नव्या व्यावसायिकाला असे प्रतिस्पर्धी निवडूनच दिले जातात. कारकिर्दीची कागदपत्रं तयार करण्याचा तो भाग. फडातल्या नारळाच्या कुस्त्याच त्या, जरी पोस्टरवर काहीही छापलेलं असलं तरी.

रस परत येतो तो १६ जुलै २०१६ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये. समोर वेल्सचा केरी होप, डावखुरा, मुरलेला, खाली न बसणारा. विजेंदर पाचव्या फेरीपलीकडे कधी गेलाच नव्हता. इथे तो पूर्ण दहा खेळला. कार्डं : ९८-९२, ९८-९२, १००-९०. आशिया पॅसिफिकचा पट्टा त्याच्याकडे आला. होपला तो पाडू शकला नाही, आणि पाडायची घाईही त्यानं केली नाही. दहा फेऱ्या त्यानं बीजिंगचंच बॉक्सिंग केलं, फक्त हेडगार्ड नव्हतं आणि तीन मिनिटांची फेरी होती. त्या रात्री बहुतेकांना वाटलं की हौशी खेळाडूचा व्यावसायिक झाला. मला वाटतं, हौशी खेळाडू व्यावसायिकांच्या घरात आपलं सामान न बदलता राहायला आला, आणि काही काळ ते खपूनही गेलं.

आता पुन्हा वरळी. त्याच कार्यक्रमात अखिल कुमार आणि जितेंदर कुमार हे त्याचे जुने सोबतीही व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा उतरले आणि जिंकले. म्हणजे हौशी बॉक्सिंगची अख्खी एक पिढी त्या रात्री मुंबईत कपडे बदलत होती. शेवटच्या लढतीला समोर झुल्पिकार, तेवीस वर्षांचा, शिनजियांगचा, अपराजित, आणि डावखुरा.

डावखुऱ्याशी लढताना पायांचा घोळ होतो. उजव्या हाताच्या बॉक्सरचा डावा पाय पुढे, डावखुऱ्याचा उजवा पुढे; दोघांची पुढची पावलं एकाच जागेसाठी भांडतात. ज्याचं पाऊल बाहेरच्या अंगाला पडतं, त्याच्या मागच्या हाताला मोकळी वाट मिळते. विजेंदरचं पाऊल बाहेर असलं की त्याचा सरळ उजवा मधूनच घरी जाई. ते आत अडकलं की दोघं एकमेकांना चिकटत, डोकी खांद्यावर, आणि जवळून पोटावर मारलेले झुल्पिकारचे ठोसे खाली घसरत. तो कापलेला गुण अशा चिकटण्यातूनच आला. म्हणजे त्या एका गुणामागेही अंतरच आहे : विजेंदरला हवं असलेलं लांबचं अंतर आणि झुल्पिकारला हवं असलेलं जवळचं. तरुण मुलगा जवळ येत राहिला. जवळ येण्याची किंमत म्हणून एक गुण त्यानं गमावला, आणि बाकी हिशेबात तो दोन पंचांच्या मते बरोबरीत होता.

झुल्पिकार जवळ आल्यावर विजेंदरकडे काय होतं, हा त्या लढतीचा खरा प्रश्न. बीजिंगच्या यंत्रात याचं उत्तर लागतच नसे. तिथे मिठीत शिरलं की रेफरी सोडवायचा आणि खेळ पुन्हा लांबून सुरू व्हायचा. व्यावसायिक रिंगणात मिठीत काम चालू राहतं : खांद्यानं ढकलणं, मोकळ्या हातानं बरगडी, समोरच्याचा श्वास ऐकणं. हे शिकायला कोवळं वय लागतं. डीगेलनं आणि जॅकनं ते तेविशी-पंचविशीत शिकून घेतलं. विजेंदर त्या वयात पतियाळाच्या शिबिरात बटणांसाठी स्वच्छ ठोसे घोटत होता. त्यामुळे वरळीत अंतर संपलं की त्याचा खेळ थोडा गोंधळायचा, मग दोन पावलं मागे, पुन्हा जॅब, पुन्हा ती ओळखीची लय. दहा फेऱ्या हे भांडण चाललं. कुणी पडलं नाही. लढत सुंदर नव्हती, पण खरी होती, आणि त्याच्या सगळ्या व्यावसायिक लढतींत मी हीच निवडेन.

एक योगायोग इथे सांगायलाच हवा. वरळीच्या सात महिने आधी, १४ जानेवारी २०१७ला, न्यूयॉर्कमध्ये डीगेल आणि बादू जॅक एकमेकांशी लढले. एका पंचानं ११४-११२ असा कौल दिला, उरलेल्या दोघांनी ११३-११३. बरोबरी. कापलेला गुण बाजूला ठेवला तर वरळीची कार्डं अगदी याच घाटाची निघतात. बीजिंगच्या त्या एकाच गटातले तिघं, एकाच वर्षात, एकाच वजनात आणि जवळजवळ एकाच निकालाशी पोचले. फरक इतकाच की न्यूयॉर्कमध्ये जगज्जेतेपदाचे पट्टे पणाला होते आणि वरळीत खंडाचे.

जिंकल्यावर विजेंदरनं रिंगमधूनच सांगितलं की हा पट्टा मी झुल्पिकारला परत देतो, सीमेवर तणाव नको. टाळ्या पडल्या, टीकाही झाली. फडात जिंकलेलं इनाम हरलेल्याला दिलं तर तो हरलेल्याचा अपमान होतो, असं आमच्याकडे मानतात, आणि माझाही कल तिकडेच आहे. पण कार्डांची बेरीज केल्यापासून ते वाक्य मला वेगळं ऐकू येतं. त्यानं ते कोणत्या मनानं म्हटलं हे त्याचं त्याला ठाऊक. मला मात्र, दोन पंचांनी ज्याला फेऱ्यांत आपल्या बरोबरीचा ठरवलं त्याच्याबरोबर पट्टा वाटून घ्यावा, यात एक जुना हौशी प्रामाणिकपणा दिसतो.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. जयपूर, न्यूअर्क, दुबई. विजय चालू राहिले, दोन लढतींतली अंतरं मात्र वाढत गेली. २०१९मध्ये त्यानं दक्षिण दिल्लीतून लोकसभाही लढवली आणि हरला. मग १९ मार्च २०२१, पणजी. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर रिंग. समोर रशियाचा आर्तिश लोपसान, विजेंदरहून उंच आणि नऊ वर्षांनी लहान. या वेळी लांब हात समोरच्याचे होते. ज्या अंतरावर विजेंदर आजवर सुरक्षित असायचा, तिथेच आता त्याला ठोसे लागत होते. मागे झुकण्याची ती सवय तशीच होती, पण झुकून जिथे डोकं जाई तिथवर लोपसानचा हात पोचत होता. पाचव्या फेरीत रेफरीनं लढत थांबवली. बारा विजयांनंतरचा पहिला पराभव. पस्तिशीतल्या पायांना आणि सोळा महिन्यांच्या विश्रांतीला दोष देता येईल. माझ्या मते त्या छतावर त्याच्या शैलीचाच एक नियम त्याच्यावर उलटला.

त्यानंतर ऑगस्ट २०२२मध्ये रायपूरला घानाच्या एलियासू सुलेला त्यानं दुसऱ्या फेरीत थांबवलं. तेरा विजय, एक पराभव. कागदावर कुणालाही हेवा वाटावा असा हिशेब. त्याला जगज्जेता म्हणता येणार नाही, आणि नुसता ऑलिम्पिकचा देखणा चेहरा म्हणून सोडूनही देता येणार नाही. आपल्याकडच्या कोणत्याही बॉक्सरनं अंतराचा असा वापर त्याच्याआधी केला नव्हता. आणि अंतर संपल्यावर काय, हे उत्तर त्याला उशिरा शोधावं लागलं. पुण्यात मुंढव्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये किंवा बालेवाडीला ग्लोव्ह्ज बांधणाऱ्या आमच्या पोरांनी व्यावसायिक व्हायचा विचार केलाच, तर तो तेविसाव्या वर्षी करावा, तिसाव्या नव्हे.

वरळीची लढत कुठे बघायला मिळाली, तर समालोचनाचा आवाज बंद करावा. एक कागद घ्यावा, दहा ओळी आखाव्यात, आणि प्रत्येक फेरीनंतर स्वतः दहा-नऊ लिहावं. पाडलं कुणी, हे विचारू नये. दोघांची पुढची पावलं बघावीत. बेरीज झाल्यावर तो एक गुण कापावा, आणि मग आपलं कार्ड त्या तीन पंचांपैकी कुणाशी जुळतं ते पाहावं.